आधी आवाजाचं बघा

शॉर्ट फिल्म करायची तर कॅमेरा कोणता भाड्याने घ्यावा, यावरच बरंच बोलणं होतं. माझं मत, फोनवरच शूट करा आणि वाचलेले पैसे आवाजावर घाला. चित्र थोडं दाणेदार असलं तरी प्रेक्षक चालवून घेतो. संवादच कळला नाही तर त्याचं लक्ष उडतं.

लोकेशन बघायला, दिवसाच्या ज्या वेळी शूट असेल त्याच वेळी जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. आम्ही सकाळी पाहिलेली खोली अगदी शांत होती. संध्याकाळी शूटला गेलो तर खाली आरती, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. त्या दिवशी दोनच शॉट हाती लागले. टेकच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही). प्रत्येक खोलीतली नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगमध्ये संवादांचे सांधे तिनेच झाकले जातात.

ट्यूबलाइटखाली शटर (एकेका फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकतात.

आणि निदान एक तालीम त्याच खोलीत करा. कोण कुठून येतं, कुठे बसतं, हे तिथेच ठरतं.