इंक्स लेकचा बेत (फॅमिली ग्रुप)

निखिल: टेक्सासातल्या इंक्स लेक स्टेट पार्कात मुक्कामाच्या दोन जागा मिळाल्या! कोजागिरीनंतरचा शनिवार-रविवार. एका जागेवर आठच माणसं चालतात, आपण अकरा.

सुधाकाकू: बुकानन लेक का नको? केवढा मोठा आहे तो.

निखिल: काकू, दुष्काळात तो खाली जातो, मग धक्का एकीकडे नि पाणी दुसरीकडे. इंक्स त्याच्याच खालच्या अंगाला, दोन धरणांच्या मधे, त्यामुळे पाण्याची पातळी सहसा हलत नाही. दोन्ही तळी कोलोरॅडो नदीवरच, पण ही टेक्सासातली. ग्रँड कॅन्यनवाली नव्हे!

अप्पाकाका: ते राहू दे. गळ टाकता येईल का?

मेघना: टाका की! स्टेट पार्कात काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. कयाकमधून टाकलात तर लागेल.

अप्पाकाका: पाय आखडून त्या प्लास्टिकच्या होडीत कोण बसतंय? मी आपला धक्क्यावर.

निखिल: लार्जमाउथ बास मासा चौदा इंचांपेक्षा लहान निघाला तर परत सोडायचा. माणशी दिवसाला पाच.

अप्पाकाका: चौदा इंच म्हणजे दीड वीत! मालवणात एवढा मासा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात रे.

सुधाकाकू: आधी मिळू दे. आणि शनिवारी मी खात नाही. रविवारी तळू, रवा आणि आगळ मी घेते.

आर्या: आम्ही तिथल्या डेव्हिल्स वॉटरहोल डोहात खडकावरून उड्या मारणार!!

आजी: नावच सैतानाचं. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही.

मेघना: आजी, मी असेन. खडक बघा तरी, गुलाबी, अब्ज वर्षांहून जुने. आणि तेराच्या आतल्या पोरांनी होडीत लाइफ जॅकेट काढायचं नाही, कायदाच आहे. रडारड चालणार नाही.

निखिल: शेकोटीला तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही, लाकूड विकत घेऊ. बंदी लागली तर गॅसची शेगडी आहेच, कोजागिरीचं दूध उशिरा का होईना तिथेच आटवू. बिअर कोण आणतंय?

मेघना: कोणीच नाही. पार्कात उघड्यावर प्यायला बंदी आहे. आणि रात्री दहानंतर आवाज नको, म्हणजे भेंड्या जेवणाआधी.

निखिल: 😐

अप्पाकाका: गांडुळं कुठे मिळतील?

निखिल: वाटेत दुकानात डबा मिळतो, थंड ठेवावा लागतो.

सुधाकाकू: माझ्या श्रीखंडाच्या आइसबॉक्समध्ये तो डबा दिसता कामा नये.