मदत हवी आहे: कमर्शियल व्हीएचएफ ॲम्प्लिफायर १४५ मेगाहर्ट्झवर आणताना पॉवर पडते

आमच्या हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडवरील रिपीटरसाठी (आलेला सिग्नल पुन्हा जोरात पाठवणारा संच) १५०–१७४ मेगाहर्ट्झचा जुना मोबाइल ॲम्प्लिफायर घेतलाय. १५५ वर ५० वॅट मिळतात, १४५ वर जेमतेम ३०. करंट मात्र तेवढाच, म्हणजे उरलेली सगळी उष्णता! इनपुटचे ट्रिमर (फिरवून बदलता येणारे कपॅसिटर) फिरवून एसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो याचं माप) सुधारला, तरी आउटपुट वाढलं नाही. सप्लाय लोडवरही १३.८ व्होल्ट, डमी लोड (अँटेनाऐवजी जोडलेला रेझिस्टर) ५० ओहमचा, ड्राइव्ह (इनपुट पॉवर) दोन्ही फ्रिक्वेन्सींवर सारखाच. आउटपुट मॅचिंगमध्ये ट्रिमर नाहीत, फिक्स मायका कपॅसिटर आहेत. नॅनोव्हीएनए (मॅचिंग मोजणारं छोटं यंत्र) आहे, पण हार्मोनिक्स तपासायला स्पेक्ट्रम ॲनालायझर नाही, म्हणून ते अडवणाऱ्या लो-पास फिल्टरला हात लावणार नाही. रिपीटर सलग चालतो, त्यामुळे २५ वॅट पुरेत, पण ॲम्प्लिफायर फार न तापता हवेत. मोठा हीटसिंक, पंखा लावलाय. आउटपुट मॅचिंगमधला ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरजवळचा कपॅसिटर आधी वाढवू की अँटेनाकडचा, आणि किती पिकोफॅरडच्या पायरीने?