विषय: मिनटमन हायस्कूलला घालू का? (मुलगा आठवीत, अॅक्टन)

प्रेषक: स. कु., अॅक्टन

नमस्कार मंडळी,

आमच्या धाकट्याने गेले दोन महिने एकच धोशा लावलाय, मला गावच्या हायस्कूलला जायचं नाही, मिनटमनला (मॅसॅच्युसेट्समधल्या व्होकेशनल, म्हणजे हातचं काम शिकवणाऱ्या हायस्कूलला) जायचंय आणि इलेक्ट्रिकल घ्यायचंय. पोरगा अभ्यासात मागे नाहीये, गणित तर छानच आहे, पण दप्तर टाकलं की गॅरेजमध्ये. सासूबाईंचा भारतातून आणलेला मिक्सर (ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो तो) बंद पडला होता, आम्ही टाकून द्यायला निघालो तर ह्याने उघडून बघितला, म्हणाला कार्बन ब्रश झिजलेत, सहा-सात डॉलरचे मागवले आणि बसवले. आता त्यात रोज चटणी होते. तरी सासूबाईच म्हणतायत, एवढं अमेरिकेत येऊन पोराला आयटीआयला घालणार का, आणि खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा येतो. नवरा काहीच बोलत नाहीये. कोणाचं मूल तिथे आहे का? फोनवरही बोलेन.

---

प्रेषक: मे. दे., लेक्सिंग्टन

ताई, माझी मुलगी तिथे अकरावीत आहे, बायोटेकला. सविस्तर लिहिते कारण दोन वर्षांपूर्वी मलाही कोणीतरी सांगायला हवं होतं.

पहिलं म्हणजे ही पब्लिक शाळाच आहे, फी नाही. रीजनल म्हणजे काही गावं मिळून चालवतात, तुमचं अॅक्टन, आमचं लेक्सिंग्टन, शिवाय आर्लिंग्टन, कॉनकॉर्ड, स्टो वगैरे, आणि खर्च गावं वाटून घेतात. (तुमची गावची अॅक्टन-बॉक्सबरोही रीजनलच की, फक्त दोन गावांचं.) शाळा 1974 ची आहे. सप्टेंबर 2016 मध्ये सगळ्या गावांत एकाच दिवशी मतदान होऊन नवीन इमारत मंजूर झाली, साधारण साडेचौदा कोटी डॉलरची, आणि 2019 ला ती उघडली. लेक्सिंग्टन आणि लिंकनच्या हद्दीवर आहे.

नववीत लगेच ट्रेड निवडायचा नसतो. आधी एक्सप्लोरेटरी असतं, म्हणजे मूल वेगवेगळ्या शॉपमध्ये थोडे थोडे दिवस काढतं आणि मग ठरवतं. शॉप म्हणजे दुकान नाही हं, कार्यशाळा. सुतारकाम, प्लंबिंग, ऑटो, वेल्डिंग, रोबोटिक्स, प्रोग्रॅमिंग, हेल्थ असिस्टिंग, बागकाम, कॉस्मेटॉलॉजी, असं बरंच आहे. माझी लेक गेली होती कलिनरी घ्यायचं म्हणून, तिथे मुलं खरंखुरं रेस्टॉरंट चालवतात आणि बाहेरची माणसं जेवायला येतात, पण बायोटेकच्या लॅबमध्ये मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं साधन) हातात घेतलं आणि तिथेच रमली. घरी येऊन मला चहाच्या पाण्यावर दाखवलं, आई अंगठा झटकन सोडायचा नाही, हवा आत गेली की माप चुकतं. मी बारावी सायन्सला प्रॅक्टिकलची जर्नल दुसऱ्याची बघून उतरवली होती, मला तेव्हा फार भरून आलं.

शॉप आणि वर्ग आळीपाळीने असतात, त्यामुळे इंग्रजी-गणित-सायन्स सगळं होतंच, एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषयसुद्धा आहेत. स्किल्सयूएसए म्हणून स्पर्धा असतात, त्यात मुलं आपापल्या ट्रेडमध्ये उतरतात, वेल्डिंगवाला वेल्डिंगमध्ये, स्वयंपाकवाला स्वयंपाकात, आणि त्याची तयारी आमच्याकडे गॅदरिंगची चालायची तशी दणक्यात चालते. खेळाच्या टीम आहेत. मोठ्या वर्गांत को-ऑप मिळतं, म्हणजे शॉपच्या वेळात बाहेर पगारी काम.

अवघड काय गेलं तेही सांगते. मैत्रिणी सगळ्या गावच्या शाळेत राहिल्या, पहिले दोन महिने रोज रडत घरी यायची. आणि आपल्याच लोकांत, "अगं का, गावच्या शाळेत जमलं नाही का?" हे चार वेळा ऐकलं, तेही तिच्यासमोर. कृपा करून कोणी मुलांसमोर असं बोलू नका.

एक महत्त्वाचं, प्रवेशाची पद्धत बदलली आहे. मे 2025 मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ठरवलं की जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची, अगदी म्हाडासारखी. मार्क बघायचे नाहीत, फार तर हजेरी, वर्तणूक आणि मुलाची इच्छा यांना सोडतीत वजन देता येतं. म्हणजे मुलगा हुशार आहे, मिळेलच, असं धरून चालू नका. अर्ज वेळेत भरा आणि शाळेच्या काउन्सेलरला आत्ताच गाठा.

---

प्रेषक: अ. पा., वेस्टफर्ड

माहिती चांगली आहे, पण चौदाव्या वर्षी मुलाला काय कळतं? उद्या इंजिनिअरिंग करावंसं वाटलं तर? दारं बंद करू नयेत असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

प्रेषक: वि. जो., आर्लिंग्टन

नमस्कार. मी सहसा लिहीत नाही, पण आयटीआय शब्द आला म्हणून लिहितोय.

मी औंधच्या आयटीआयचा, फिटर. पहिले कित्येक आठवडे एकच काम, लोखंडाचा तुकडा कानसीने घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. हाताला फोड यायचे. मग भोसरीत अप्रेंटिस, मग रात्री डिप्लोमा, मग पुढचं सगळं. मी डिझाइन इंजिनिअर म्हणून रिटायर झालो आणि आयुष्यभर ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिताना तो तुकडा माझ्या डोळ्यासमोर असायचा. दार बंद झालं नाही हो पाटीलसाहेब, माझं तर तिथूनच उघडलं. मिनटमनहून कॉलेजला जाणारी मुलं आहेतच, मे. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, हायस्कूल डिप्लोमा मिळतो, त्याच्या जोडीला हातात कामही येतं.

स. ताई, इलेक्ट्रिकलचं म्हणाल तर या राज्यात जर्नीमन (प्रशिक्षण पुरं केलेल्या इलेक्ट्रिशियनच्या) लायसन्सला 8,000 तास काम आणि 600 तासांचं वर्गशिक्षण लागतं. व्होकेशनलमधल्या शॉपचे तास त्यात काही प्रमाणात धरले जातात, म्हणजे मूल अठराव्या वर्षी शून्यापासून सुरू करत नाही. आमच्या घरी पॅनल बदलायला इलेक्ट्रिशियन तीन आठवड्यांनी आला, इतकी त्यांची वाट बघावी लागते.

सासूबाईंना सांगा, ज्याने मिक्सर उघडून परत लावला त्याला अभ्यास टाळायचा नाहीये. माझे वडील शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, मुलगा "टेक्निकलला" आहे, आयटीआय म्हणायचे नाहीत. मला ते फार लागायचं. तुमच्या मुलाच्या वाट्याला ते येऊ नये.

---

प्रेषक: स. कु., अॅक्टन

काका, तुमची मेल मी मराठीतच मोठ्याने वाचून दाखवली, सासूबाई गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, औंधच्या आयटीआयसमोरून आम्ही बसने जायचो. एवढंच बोलल्या, पण रविवारी शाळेच्या ओपन हाउसला "मीपण येते" म्हणतायत. मे. ताई, तुम्हाला संध्याकाळी फोन करते, अर्जाचं विचारायचंय.

पाटीलसाहेब, तुमची शंका माझीही होती, म्हणूनच लिहिलं होतं. त्याला विचारलं, इंजिनिअर व्हावंसं वाटलं तर? म्हणाला, मग मी असा इंजिनिअर होईन ज्याला वायर ओढता येते.

आणि काका, त्याला विचारायचंय की तो गुण्या अजून आहे का तुमच्याकडे. असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमाला आणाल का? उजेडासमोर कसा धरायचा ते त्याला बघायचंय.