‘आम्हाला राजा हवा’: बायबलातला देव राजेशाहीच्या बाजूचा की विरोधातला?

ओटीवरचा (धागाकर्ता)

पंधरा दिवसांपासून बायबलातली इतिहासाची पुस्तकं वाचतोय. शास्ते, शमुवेल, राजे. धर्म म्हणून नाही, गोष्ट म्हणून. आणि एका जागी अडकलोय: शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्राएलात तोवर राजा नाही. बारा वंश आहेत, संकट आलं की देव कुणालातरी उभा करतो, तो लढतो, निवाडे करतो, मरतो (यालाच शास्ता म्हणतात). गादी, वारस, काही नाही. त्यांच्यातलाच एक, शमुवेल, म्हातारा झालाय. योएल आणि अबीया ही त्याची दोन पोरं बैर-शेब्याला न्यायाधीश आहेत आणि दोघंही लाच खातात. शेवटी वडीलधारी मंडळी रामा गावी येऊन म्हाताऱ्याला तोंडावर सांगतात, तू थकलास, पोरं तुझ्या वळणावर गेली नाहीत, इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हालाही नेमून दे.

शमुवेल दुखावतो. देव त्याला म्हणतो, त्यांनी तुला नाही झिडकारलं, मला झिडकारलं, मी त्यांचा राजा नको म्हणून. दे त्यांना राजा, पण राजा काय चीज असते ते आधी सांग. मग शमुवेल सांगतो: तुमची पोरं रथापुढे धावायला नेईल, पोरी अत्तरं करायला आणि स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनाची बनं काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा आणि मेंढरांचा दहावा हिस्सा उचलेल, आणि शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल. लोक म्हणतात, असू दे, हवाच.

माझं मत असं की बायबलच्या लेखी माणसाचं राजेपण ही मुळात तडजोड आहे. ‘देव राजा आहे’ याचा अर्थ खुर्ची भरलेली आहे, दुसऱ्या कुणी बसायचं नाही. गिदोन नावाच्या शास्त्याला लोक राजा करायला निघतात तेव्हा तोही हेच म्हणतो: मी नाही, माझा मुलगा नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. आणि गिदोनाच्या मुलाने, योथामाने, सांगितलेली ती झाडांची गोष्ट! जैतून, अंजीर, द्राक्षवेल तिघंही राजा व्हायला नकार देतात, आम्हाला कामं आहेत म्हणून. रिकामं असतं एक काटेरी झुडूप. ते म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा. (काटेरी झुडपाची सावली!)

मग हेच पुस्तक हातात धरून युरोपातले राजे ‘आम्हाला देवाने नेमलं’ असं म्हणत आले ते कशाच्या जोरावर?

तळेगावकर

अर्धं वाचलंत. गिदोनाने नकार दिला आणि लगेच काय केलं? लोकांकडून सोन्याची कुंडलं मागून घेतली, सतराशे शेकेल वजन भरलं, त्यांचं एफोद (याजकाचं पूजेचं वस्त्र) बनवलं आणि सगळा इस्राएल त्याच्या नादी लागला. मुलाचं नाव ठेवलं अबीमलेख, म्हणजे ‘माझा बाप राजा’. त्याच पोराने आपले सत्तर भाऊ एका धोंड्यावर मारले. राजा नसण्याचा हा नमुना.

शास्ते पुस्तकाची शेवटची पानंही वाचा. गिबा गावात लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो, तो तिच्या देहाचे बारा तुकडे करून सगळीकडे पाठवतो, मग यादवी युद्ध, मग बन्यामिनी वंश संपू नये म्हणून नाचायला आलेल्या पोरी पळवणं. आणि या साऱ्यात चार वेळा येणारं वाक्य: त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता. पुस्तक संपतं तेही तिथेच, ज्याला जे बरं दिसे ते तो करी. हे लिहिणारा राजेशाहीचा विरोधक वाटतो तुम्हाला?

व्यवहाराचंही बघा. शेजारच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, इस्राएलात लोहारच ठेवला नव्हता. नांगराचा फाळ शेवटायला शत्रूकडे जायचं आणि वर पैसे मोजायचे. लढाईच्या दिवशी तलवार फक्त पहिला राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्याकडे. अशा लोकांनी राजा मागितला तर त्यात पाप कसलं?

आणि दुसऱ्या शमुवेलाचा सातवा अध्याय तुम्ही वगळलात. शौलानंतरचा राजा दावीद देवासाठी घर बांधू म्हणतो, देव म्हणतो, मीच तुझं घराणं उभारीन, मी त्याचा बाप आणि तो माझा मुलगा. इतिहासाच्या पुस्तकात तर दावीदाचा मुलगा शलमोन ‘परमेश्वराच्या सिंहासनावर’ बसला असं चक्क लिहिलंय. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असताना दावीद फक्त त्याच्या झग्याचा काठ कापतो, आणि त्याचंही मन त्याला खातं, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त. आपल्याकडच्या ‘नाविष्णुः पृथ्वीपतिः’ (विष्णूचा अंश नाही तो राजा नाही) यापासून हे किती लांब आहे?

नवगावकर

बरंच लांब आहे, तळेगावकर. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर अलिबागकडचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. हे अध्याय हिब्रूत वाचल्यावर एक गोष्ट ऐकू येते, भाषांतरात ती बुजते.

शमुवेलाच्या त्या भाषणात एक क्रियापद चार वेळा येतं: ‘यिक्काख’, तो घेईल. पोरं घेईल, पोरी घेईल, शेतं घेईल, चाकर घेईल. राजाची व्याख्याच ‘घेणारा’. (शौल या नावाचा अर्थ ‘मागितलेला’. लोकांनी मागितला तो हा. लिहिणाऱ्याला असल्या कोट्यांची हौसच होती.)

आता दावीद आणि दुसऱ्याची बायको बथशेबा. तो गच्चीवरून बघतो, माणसं पाठवतो आणि तिला ‘घेतो’. तेच क्रियापद. मग नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: श्रीमंताकडे पाहुणा आला, स्वतःच्या कळपातलं मेंढरू कापवेना, म्हणून त्याने गरिबाची एकुलती एक कोकरी ‘घेतली’. दावीद चिडून म्हणतो, तो माणूस मेलाच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

इजिप्तमध्ये राजा हा होरस देवाचं रूप होता. तिथे दरबारात उभं राहून राजाला ‘तू चोर आहेस’ म्हणणारा आणि ते नोंदवून जपणारा ग्रंथ मला माहीत नाही. ‘मी त्याचा बाप’ याच्या पुढचं वाक्यही वाचा: चुकला तर माणसांच्या छडीने मारीन.

राजा नेमणं ही आज्ञा आहे की नाही यावर आमच्याकडे तालमुदातच, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातच, भांडण आहे. रब्बी यहूदा म्हणतात, देशात शिरल्यावर ज्या तीन गोष्टी करायच्या त्यांपैकी ही एक. रब्बी नहोराय म्हणतात, छे, लोक कुरकुर करणार म्हणून ते लिहिलंय. मध्ययुगातल्या ज्यू पंडितांपैकी मायमोनिदीसने आज्ञा मानली. अबारबानेलने नाही मानली. आणि हा अबारबानेल कोण? पोर्तुगालच्या आणि नंतर स्पेनच्या राजाचा पैसा सांभाळणारा. १४९२ ला ज्यूंना स्पेनमधून हाकललं तेव्हा तोही गेला. राजे जवळून पाहिलेला माणूस लिहितो की राजा लागतच नाही, व्हेनिस, फ्लॉरेन्स बघा.

खडूस_काका

सगळं छान. पण एक मूलभूत शंका कुणीच काढत नाही. देवाला ‘राजा’ म्हणायचं सुचलं कुठून? माणसांचे राजे बघूनच ना. आधी माणूस सिंहासनावर, मग देव.

अनुवाद (बायबलातल्या नियमशास्त्राचं पाचवं पुस्तक) याच्या अठ्ठावीसाव्या अध्यायातले शाप इसवी सनपूर्व ६७२ च्या अश्शूरी करारांशी ताडून बघा. अश्शूरी सम्राट एसरहद्दोनने मांडलिकांकडून वारसाशी इमान राखण्याच्या शपथा घेतल्या, मोडणाऱ्याला शाप: आकाश पितळेचं होईल, जमीन लोखंडाची. अनुवादात जवळपास तेच. म्हणजे सम्राटाचा मसुदा घेतला, सम्राटाच्या जागी देव घातला. यात कसली राजेशाहीवर टीका?

शिवाय देव राजा असेल तर त्याच्या वतीने बोलणार कोण? याजक. ‘थिओक्रसी’ (देवाची सत्ता) हा शब्द ज्यू इतिहासकार जोसेफसने पहिल्या शतकात मोठ्या अभिमानाने वापरला, आणि त्याच्या मांडणीत कारभार याजकांकडेच आहे. शमुवेलाचा राग मला तरी नोकरी जाणाऱ्या माणसाचा वाटतो.

आणि बाई, ते तुमचं ‘घेणं’. नाथान पुढे देवाचा निरोप सांगतो ना: मी तुझ्या बायका तुझ्या डोळ्यांदेखत ‘घेईन’ आणि दुसऱ्याला देईन. बायकांना विचारलं का कुणी? वरचा राजाही घेणाराच.

नवगावकर

शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो श्लोक मलाही टोचतो, आणि पुढे दावीदाचाच मुलगा अबशालोम गच्चीवर तंबू ठोकून ते खरं करतो तेव्हा जास्तच.

पण कराराचं उलटं बघा. सम्राटाला द्यायची निष्ठेची शपथ तुम्ही दुसऱ्याला देऊन बसलात, तर सम्राटाला द्यायला उरलं काय? अश्शूरी राजधानीत, निनवेच्या दरबारात, हे वाचलं असतं तर राजद्रोहच ठरला असता. मसुदा त्यांचा, पण सही भलत्याच्याच नावाने.

ओटीवरचा

तळेगावकर, शास्त्यांतल्या शेवटच्या पानांचा मुद्दा मान्य. ते मी घाईत उरकलं होतं. पण राजा आल्यावर काय झालं तेही मोजू. अनुवादाच्या सतराव्यात राजाला तीन गोष्टींची बंदी आहे: फार घोडे नकोत, फार बायका नकोत, फार सोनं-रुपं नको. शलमोनाचा हिशेब राजेच्या पुस्तकात जणू तीच यादी समोर ठेवून लिहिलाय: वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं माप) सोनं, १४०० रथ, घोडे थेट इजिप्तमधून, ७०० राण्या आणि ३०० उपपत्न्या. देवाचं मंदिर सात वर्षांत, स्वतःचा वाडा तेरा वर्षांत. तीस हजार माणसं लबानोनात वेठीला, दहा-दहा हजारांच्या पाळीने.

पोरगा रहबाम गादीवर येतो तेव्हा लोक फक्त म्हणतात, जू थोडं हलकं कर. तो म्हणतो, बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. दहा वंश फुटून गेले. आणि समजूत घालायला त्याने पाठवलं कुणाला, तर वेठीवरच्या अधिकाऱ्याला, अदोरामाला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचला.

तळेगावकर

शलमोन वाईट निघाला म्हणून राजेपद वाईट, हे तर्काला धरून नाही. बहात्तरावं स्तोत्र घ्या. राजाने काय करावं? हाक मारणाऱ्या गरिबाला सोडवावं, ज्याला कुणी नाही त्याला तारावं, जुलमापासून त्याचा जीव राखावा. तुम्ही रहबामाला मोजता ते याच मापाने. माप दरबारातल्या गाण्यांनी दिलं, हे विसरू नका.

कुपारी_पोरगा

वसईहून. एवढी चर्चा झाली आणि येशूपर्यंत कुणी आलंच नाही.

भाकरी वाटल्यावर लोक आपल्याला धरून राजा करणार हे कळताच तो डोंगरात निघून जातो (योहान, सहावा अध्याय). यरुशलेमात शिरतो तो गाढवावर, जखऱ्याच्या भविष्यवाणीतल्या राजासारखा. शलमोनाच्या घोड्यांनंतर हे गाढव मुद्दाम आणलंय असं माझं मत. वधस्तंभावर पाटी लागते ‘यहुद्यांचा राजा’, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. रोमने टिंगल म्हणून लावली, आम्ही ती खरी म्हणून वाचतो. आणि त्याच दिवशी मुख्य याजक रोमन सुभेदार पिलाताला म्हणतात, कैसराशिवाय आम्हाला राजा नाही. शमुवेलाच्या वेळी जे मागितलं त्याचं टोक हेच. खडूस काका, तुमचे याजक इथे देवाच्या नाही, सम्राटाच्या बाजूने आहेत, बघा.

आमच्याकडे नोव्हेंबरात ख्रिस्तराजाचा सण असतो. हा सण जुना नाही, पोप पायस अकरावे यांनी १९२५ ला सुरू केला. इटलीत मुसोलिनी बसला होता. अशा वेळी ‘राजा एकच, तो ख्रिस्त’ म्हणणं म्हणजे काय ते समजून घ्या.

खडूस_काका

समजून घेतो, पण पूर्ण. १९२५ मध्ये पोपचं स्वतःचं राज्य जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती. चारच वर्षांनी, १९२९ ला, त्याच मुसोलिनीशी करार करून व्हॅटिकन पदरात पाडून घेतलं. म्हणजे ‘राजा एकच’ ही घोषणाही होती आणि वाटाघाटही.

आणि धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: त्याच पानांवरून दोन्ही झालं. इंग्लंडचा पहिला जेम्स पार्लमेंटमध्ये म्हणायचा, शास्त्रातच राजांना देव म्हटलंय. त्याच्या पोराचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं १६४९ ला उडवणारेही बायबलच हातात घेऊन आले होते. १७७६ ला अमेरिकेत टॉमस पेनने राजाविरुद्ध पत्रक काढलं त्यात गिदोन आणि शमुवेल तपशिलात आहेत. स्वतः पेनचा बायबलवर फारसा विश्वास नव्हता. वाचकांचा होता.

तळेगावकर

काकांशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

एक प्रश्न नवगावकरांना. अनुवादात लिहिलंय की राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि जन्मभर रोज वाचावी, भावांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये म्हणून. एखाद्या राजाने ती केल्याचं कुठे आहे का?

नवगावकर

लिहिताना दिसलेला राजा एकही नाही. यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचं पुस्तक ‘सापडतं’, म्हणजे तोवर राजवाड्यात नक्कल नव्हतीच. वाचून दाखवल्यावर तो कपडे फाडतो, एवढं तरी.

त्याचा मुलगा यहोयाकीम मात्र बघण्यासारखा आहे. यिर्मया छत्तिसावा. हिवाळा, नववा महिना, राजा शेकोटीपुढे बसलाय. यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जाते. यहूदी तीन-चार रकाने वाचतो (वाचणाऱ्याचं नावच यहूदी होतं), राजा तेवढा तुकडा चाकूने कापून विस्तवात टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. पुढे यिर्मया आपल्या लेखनिकाला, बारूखाला, बसवून सगळं पुन्हा सांगतो, आणि तिथे लिहिलंय की तसल्याच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात घातल्या.

खडूस_काका

म्हणजे सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती. पहिली राजाने जाळली म्हणून.