मदत हवी आहे: समुद्राच्या पाण्यात अंडं तरंगत नाही!

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन. प्रयोग घेतलाय तो सगळ्यांना ठाऊक असलेला: साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. पण आमच्या या छोट्या बाईसाहेबांचं, म्हणजे लेकीचं म्हणणं, समुद्र दारात असताना मीठ कशाला घालायचं? काल आंजर्ल्याच्या खाडीवरून कळशीभर पाणी आणलं, सकाळीच घातलेलं गावठी अंडं त्यात सोडलं, तर गेलं सरळ तळाशी. तीन अंडी बदलली, तेच. सासूबाई म्हणतात अंडी जड, नवरा म्हणतो पाणी खारं नाही. मी चाखून पाहिलं, तोंड वाकडं झालं. मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद
ताई, दोघांचंही बरोबर आहे! समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ असतं साधारण 35 ग्रॅम. तेवढ्याने घनता 1 वरून जेमतेम 1.025 होते. ताज्या अंड्याची 1.08 च्या आसपास, म्हणजे ते बुडणारच. त्यात पावसाळ्यात तुमच्या खाडीत जोग नदीचं गोडं पाणी उतरतं. जिभेला 35 ग्रॅम पुरे झाले, तरी अंड्याला तिप्पट-चौपट लागतात. शिवाय अंडं शिळं होतं तसं कवचाच्या छिद्रांतून आतलं पाणी उडतं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. आकार तोच, वजन कमी. दुकानातलं जुनं अंडं म्हणून लवकर वर येतं. पेलाभर पाण्यात चहाचे चार-पाच चमचे मीठ घाला, काम होईल.

धागाकर्ती
मीठ घालायला लेक तयार नाही. "मग ते समुद्राचं कुठे राहिलं?"

प्रतिसाद
मुलगी पक्की आहे. मग आटवा. खाडीचं नको, भरतीच्या वेळी पुळणीवरून घ्या. स्टीलच्या पातेल्यात चार तांब्यांचं एक तांब्या होऊ द्या. पांढरा साका बसेल, तो गाळून टाका. मिठागरात हेच काम ऊन करतं. पाणी पूर्ण निवल्यावरच अंडं सोडा.

धागाकर्ती
जमलं! ओल्या लाकडांनी धुरात डोळे चुरचुरले, पण अंडं वर आलं. आधी बोथट टोक वर करून डुललं, मग रुपयाएवढं कवच पाण्याबाहेर. लेकीने वरून चमच्याच्या पाठीवरून गोडं पाणी हळूच सोडलं, तर दोन पाण्यांच्या मधोमध लटकून राहिलं. तेच नेणार आहे. पिशवीत एक जुनं अंडंही ठेवलंय, न जाणो.