जुनं जी ५५० विमान घ्यावं की गप चार्टर, म्हणजे लागेल तेव्हा भाड्याचं विमान, करावं?

हिशेबनीस: आधीच सांगतो, खूळ क्लायंटचं आहे, माझं नाही. पुण्यातले कारखानदार, गिऱ्हाइकं युरोप-अमेरिकेत, वर्षाला जेमतेम दीडशे तास उडणार. दलालाने २००९ चं गल्फस्ट्रीम कंपनीचं जी ५५० हे खासगी जेट दाखवलंय आणि साहेब फोटोतल्या लेदरच्या खुर्च्या बघूनच विरघळलेत. माझं मत, अजिबात घेऊ नये. दारात हत्ती झुलवायची हौस ठीक आहे हो, पण हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून कमी खात नाही, इंधन तेवढंच, पायलटचा पगार तेवढाच, हँगर तेवढाच, वर रिपेरी जास्त.

उडता_सोलापूरकर: साफ चूक. नवं घ्यायचं तर पैसे मोजून वर रांगेत थांबा, आणि सुरुवातीला किंमत जी धाडकन पडते ती पहिल्या मालकाने सोसलेली असते, ते सोडायचं कशाला? हे मॉडेल २००३ पासून उडतंय, २०२१ ला बनायचं थांबलं पण सहाशेच्या वर बनलीत, पार्ट मिळतात, हात बसलेले मेकॅनिक मिळतात. रेंज ६७५० नॉटिकल माइल, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. अजून काय पाहिजे!

हिशेबनीस: मुंबई-लंडन ७२०० किमी, त्याला एवढं धूड कशाला? आणि न्यूयॉर्क बरोब्बर साडेबारा हजारच भरतं. ब्रोशरमधली रेंज वारा शून्य धरून असते, तिकडे जाताना वारा समोरून, म्हणजे मधे उतरणं आलंच. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, व्हीटी नंबरचं, म्हणजे भारतात नोंदलेलं विमान असेल तर समुद्रावरून वळसा. पंधरा तासाला दोन पायलट पुरत नाहीत ते वेगळंच.

हँगरातला_बाबू: मी आखातात मेंटेनन्सला आहे. तुम्ही दोघं रेंजवर भांडताय, पण जुनं विमान म्हणजे कागद. आमच्याकडे एक आलं होतं, नाव घेत नाही, दिसायला नवरी, आणि लँडिंग गिअरच्या (चाकांचा सांगाडा) ओव्हरहॉलचे कागदच सापडेनात. काम झालं असेलही, पण कागद नाही म्हणजे काम झालं नाही. सगळं परत करावं लागलं, मालक सात महिने बिलं भरत बसला. तेव्हा प्री-बाय इन्स्पेक्शन, म्हणजे घ्यायच्या आधीची तपासणी, विकणाऱ्याच्या नेहमीच्या शॉपमध्ये कधीच करू नका, इंजिनं तासाच्या हिशेबाने रिपेरीचे पैसे भरायच्या प्रोग्रॅमवर आहेत का बघा, आठ वर्षांचं मोठं इन्स्पेक्शन कधी येतंय ते बघा. बरेच जण तेच टाळायला विकतात. आणि समुद्राकाठी उघड्यावर उभं होतं का तेही विचारा, गंज खुर्चीखाली लपतो.

चहा_बिस्कीट: विजय मल्ल्यांचं ए३१९ हे खासगी एअरबस विमान आठवतं का? सर्व्हिस टॅक्सवाल्यांनी जप्त केलं, मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं उभं, लिलावावर लिलाव फसले, शेवटी २०१८ ला ३५ कोटीच्या आसपास गेलं 😄

उडता_सोलापूरकर: अहो ते जप्तीत कुजलं, जुनं म्हणून नाही! उदाहरण तरी धड द्या.

कोथरूडची_सीए: कुणीच टॅक्सचा विषय काढला नाही म्हणून सांगते. स्वतःच्या वापरासाठी विमान आणलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, आधी २८ अधिक ३ सेस होता. चार्टर परवान्यावर ५ टक्के. म्हणून सगळे परवाना काढायला धावतात, पण मग ते खरंच भाड्याने द्यावं लागतं, नुसतं कागदावर चार्टर आणि आत फक्त मालकाचे साडू-मेहुणे असं दिसलं की नोटीस आलीच समजा. आणि जुनी विमानं आणायला डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान नियामकाची, वयाची अट आहे, २००९ चं बसतं का ते टोकन द्यायच्या आधी विचारा.

उडता_सोलापूरकर: हे पटलं. पण कागद चोख असतील आणि भाव पाडून मिळाला तर मी अजूनही घ्या म्हणेन.

हिशेबनीस: साहेबांना हे सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. मग विचारतात, खुर्च्यांचा रंग बदलून देतील का?