एरियल म्हणजे नेमकं काय? पोरीच्या पुस्तकात एक अन् घरात दुसरंच

लातूरकर_पालक:
नमस्कार मंडळी, पोरगी सेमी इंग्लिशला आहे. विज्ञानात वडाच्या पारंब्यांना एरियल रूट्स म्हणलंय, भूगोलात एरियल फोटो आलाय, अन् आमचे आबा म्हणायलेत एरियल म्हंजे टीव्हीची काडी, माळवदावर चढून फिरवायचो ती. पोरीनं विचारलं, पप्पा मग पारंबीला पण सिग्नल येतो का? मला काय नीट सांगता येईना. मराठीत ह्या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे का?

मास्तर_नांदेड:
एकच शब्द नाही, अन् शोधू पण नका, पोरगी जास्तच गोंधळंल. मुळात हा शब्द ग्रीकमधल्या हवा ह्या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हंजे हवेतलं, हवेतून, जमिनीच्या वरचं. मूळ म्हणलं की ते मातीत असतंय, पण पारंबी फांदीला फुटून हवेत लोंबते म्हणून ती एरियल रूट, मराठीत वायवीय मूळ किंवा हवाई मूळ म्हणा. पारंबी जमिनीला टेकली की जाड होऊन खांबासारखी फांदीला टेकू देते. आपल्या ज्वारीच्या ताटाला पण खालच्या पेरातून मातीच्या वर मुळं सुटतात बघा, ती पण ह्याच जातीतली, वाऱ्यात ताट धरून ठेवतात. पण पोरीला खरं दाखवायचं असंल तर लिंबावरची गुळवेल दाखवा, तिचा वेल खालून तोडला तरी वरून दोऱ्यासारखं मूळ सोडते अन् ते लोंबत लोंबत मातीपर्यंत येतंय. ते एकदा डोळ्यानं बघितलं की व्याख्या पाठ करायची गरज नाही.

टीव्हीवाला_अंबाजोगाई:
आबांचं पण बरोबर हाय. तार हवेत उंच टांगायची म्हणून एरियल, इंग्रजांकडं तोच शब्द चालायचा, अमेरिकेकडून अँटेना आला (किड्यांच्या मिशांना पण अँटेनाच म्हणतात). छतावरच्या त्या आडव्या नळ्यांचं डिझाईन १९२६ मधलं, जपानच्या यागी अन् उडा ह्यांचं. वायर फक्त एकाच नळीला जोडलेली असायची, मागची जरा लांब, पुढच्या जरा आखूड, अन् आखूड बाजू टॉवरकडं करावी लागायची. आमच्याकडं इथल्या टॉवरकडं, संभाजीनगरच्या बाजूला म्हैसमाळकडं. वाऱ्यानं थोडी जरी फिरली की पडद्यावर मुंग्या, मग एकजण वर अन् एकजण खालून ओरडायला "आलं आलं, थांब, गेलं!" लई वर्षं हे काम केलंय, चपटी वायर छिलताना बोटं कापायची, पण चित्र साफ आलं की घरातल्यांचं तोंड बघून बरं वाटायचं.

बीड_मोजणी:
भूगोलाचं मी सांगतो, रोजचं काम आहे. वरून काढलेला फोटो म्हंजे हवाई छायाचित्र, फ्रान्समध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरनं १८५८ मध्येच मोठ्या फुग्यात बसून वरून काढला होता, आता ड्रोन आलाय. २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, तिच्यात गावठाणाची मोजणी अशीच होते, आधी गल्लीत चुन्याच्या रेघा मारून घराच्या हद्दी दाखवायच्या, मग ड्रोन वरून फोटो घेतो अन् त्यावरून नकाशा. रेघ चुकली की नकाशात भांडण, म्हणून त्या दिवशी घरमालकानं हजर राहावंच, हात जोडून सांगतो. बाकी अतिवृष्टीत हेलिकॉप्टरनं करतात ती हवाई पाहणी, अन् रस्त्याची वळणं न धरता सरळ मोजलं की हवाई अंतर. खांबावरची पीळ घातलेली काळी एबी केबल असते ना, तिच्यातला ए पण एरियलच, तारेवर रबरासारखं आवरण असतंय म्हणून आकडा टाकता येत नाही.

लातूरकर_पालक:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोरीला घेऊन आज शेतात गेलतो, बांधावरच्या लिंबावर गुळवेल सापडली. दोन दोरे सुटलेत, एक मातीत गेलाय, दुसरा अजून चार बोटं वर हाय. तिनं वहीत चित्र काढून खाली हवाई मूळ लिहिलंय, अन् रोज बघायला जायचं म्हणायली.